बिग बँड ऐकताना: ध्वनिमुद्रिका, चरित्रे आणि रसिकाचे मत

एखादी ध्वनिमुद्रिका आवडणे आणि तिच्याविषयीचे मत दुसऱ्या रसिकापुढे मांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ख्याल किंवा नाट्यसंगीत यांच्या बाबतीत मराठी रसिकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, बी. आर. देवधर, वामनराव देशपांडे आणि अशोक रानडे यांच्या लेखनाने घराणे, गुरू, बंदिश आणि लय यांचा आधार घेऊन बोलण्याची सवय त्याला लावलेली आहे. जॅझमधील बिग बँड या प्रकाराबाबत मात्र ही सवय अद्याप रुजलेली नाही. पंधरा-सोळा वादक एकाच वेळी वाजवत असताना नेमके कोणाविषयी बोलावे हे ठरत नाही आणि चर्चा ‘ठेका जोरदार आहे’ किंवा ‘ट्रम्पेट छान वाजले’ एवढ्यावर थांबते.

नागपूरजवळच्या हिंगण्यात औद्योगिक वसाहतीमुळे आणि महाविद्यालयांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या आवडींची माणसे एकत्र आलेली आहेत, आणि त्यांच्यापैकी चार-सहा जणांना बिग बँडचे संगीत एकत्र ऐकावेसे वाटले, तर आज ध्वनिमुद्रणे मिळण्याची अडचण फारशी उरलेली नाही. अडचण आहे ती पद्धतीची. प्रस्तुत लेखात ही पद्धत क्रमाने मांडलेली आहे. तिच्यामागचे सूत्र असे की, बिग बँडची ध्वनिमुद्रिका आणि वादकाचे चरित्र यांचा अभ्यास एकत्रच केला पाहिजे, कारण तबकडीवर सहसा एकाच व्यक्तीचे नाव छापलेले असते आणि संगीत मात्र अनेकांनी घडवलेले असते. ही न छापलेली नावे शोधून, ती उच्चारून दिलेले मत हेच विश्वासार्ह मत होय.

बिग बँडची रचना

बिग बँड म्हणजे साधारणपणे बारा ते अठरा वादकांचा, चार विभागांत बांधलेला जॅझ वाद्यवृंद. पहिला विभाग ट्रम्पेटचा, दुसरा ट्रॉम्बोनचा म्हणजे सरकत्या नळीच्या पितळी वाद्याचा, तिसरा सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट यांचा, आणि चौथा लयीचा, ज्यात पियानो, गिटार, डबल बास व ड्रम येतात. हे विभाग परस्परांशी सवाल-जवाब करतात. एका विभागाने टाकलेल्या वाक्याला दुसरा विभाग उत्तर देतो आणि या देवघेवीच्या वर एखादा वादक स्वयंस्फूर्त एकलवादन करतो. विभागांनी पुनःपुन्हा वाजवलेल्या छोट्या, ठसठशीत स्वरवाक्याला रिफ म्हणतात. चार मात्रांचा एक खंड धरला, तर बारा किंवा बत्तीस खंडांचे जे आवर्तन पुनःपुन्हा फिरते त्याला कोरस म्हणतात, आणि एकलवादनाची लांबी वादकाने किती कोरस वाजवले यावरून मोजली जाते.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित व्यक्ती म्हणजे अरेंजर, अर्थात मूळ चाल विभागांमध्ये वाटून देऊन प्रत्येक वाद्याचे स्वरलेखन करणारा वाद्यवृंद-संयोजक. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदासाठी डॉन रेडमन यांनी केलेल्या संयोजनांतून ही विभागांची भाषा आकाराला आली, आणि पुढे हेंडरसन यांचीच संयोजने बेनी गुडमन यांनी घेतली तेव्हा, १९३५ नंतर, ती अमेरिकेतील गोऱ्या तरुणांच्या नृत्यगृहांत गाजली. लोकप्रियता गुडमन यांच्या नावावर जमा झाली; संयोजन ज्यांचे होते ते कृष्णवर्णीय संगीतकार त्या मानाने मागे राहिले. गुडमन यांच्या त्या काळातील तबकड्यांवर मत देताना हेंडरसन यांचे नाव न घेणे म्हणजे बंदिशकार वगळून बंदिशीची चर्चा करणे होय.

सुरुवात मुंबईपासून

मराठी रसिकाने बिग बँडची ओळख अमेरिकेपासून करून घेण्यापेक्षा मुंबईपासून करून घ्यावी, कारण त्याच्या कानात हे संगीत आधीच मुरलेले आहे. १९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यांच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ही परंपरा पुढे चालवली. ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही रचना १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाने मुंबईतच ध्वनिमुद्रित केली, आणि तिचेच नाव नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझ इतिहासावरील आपल्या ग्रंथाला दिले. या वाद्यवृंदांच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले. गोव्यातील चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या संगीतशाळांमध्ये मुलांना लहानपणापासून पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवत, त्यामुळे लिहून दिलेला आपापला भाग पाहताक्षणी वाजवणे या वादकांना अवघड नव्हते. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत राहिला. पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन आणि हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ही त्याच काळातील मोठी नावे.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश श्रोतृवर्ग निघून गेला आणि मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली. परिणामी हॉटेलांतील रात्रीच्या मैफली आक्रसल्या आणि वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण-गृहांकडे वळले. तेथे हिंदुस्थानी पद्धतीने चाल बांधणारे संगीतकार आणि स्वरलेखन जाणणारे गोमंतकीय संयोजक यांची जोडी जमली. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्यासाठी, तर चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासाठी केलेले काम हे या जोडीचे ठळक उदाहरण होय.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. १९१८ मध्ये पुणतांब्याला जन्मलेल्या या संगीतकाराने काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले होते, आणि याच सप्रे गुरुजींकडे वसंतराव देशपांडे हेही शिकले. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९), ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१) आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतील त्यांच्या गाण्यांत बिग बँडच्या विभागांची रचना, रिफ आणि क्लॅरिनेट-ट्रम्पेटचे एकलतुकडे स्पष्ट ऐकू येतात. ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात, त्यामुळे नवख्या श्रोत्याला कोणते वाद्य केव्हा वाजते हे डोळ्यांनीही ताडून पाहता येते. हिंगण्यातील रसिकाने आपल्या श्रवणाचा आरंभ येथून करावा: गायकाकडे लक्ष न देता केवळ दोन कडव्यांमधील वाद्यसंगीत ऐकावे आणि कोणता विभाग विचारतो व कोणता उत्तर देतो, याची नोंद करावी. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचे नाद वेगळे ओळखता येत नसतील, तर लग्नसराईत वाजवणाऱ्या स्थानिक बँडपथकातील वादकांना विनंती करून ही वाद्ये एकेक करून ऐकून घ्यावीत. पुस्तकी वर्णनापेक्षा या अर्ध्या तासाचा उपयोग अधिक होतो.

ध्वनिमुद्रिकेची ओळख पटवणे

मत देण्यापूर्वी आपण नेमके कोणते ध्वनिमुद्रण ऐकले हे सांगता आले पाहिजे. एकच रचना एकाच वाद्यवृंदाने दहा वेळा ध्वनिमुद्रित केलेली असू शकते आणि त्या दहांमध्ये वादक, गती आणि संयोजन वेगवेगळे असू शकते. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रिकेबाबत पाच गोष्टी नोंदवाव्यात: तारीख, स्थळ, कंपनी, वादकांची यादी आणि टेक. एकाच दिवशी एकाच रचनेचे जे अनेक प्रयत्न मुद्रित केले जातात, त्यांतील प्रत्येकाला टेक म्हणतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कारखान्यातील मूळ साच्याचा क्रमांक, कोरलेला किंवा छापलेला असतो, आणि त्यावरून मुद्रणाची तारीख व अनेकदा टेकही शोधता येतो. अशा माहितीच्या पद्धतशीर सूचीला डिस्कोग्राफी म्हणतात. भारतीय तबकड्यांच्या बाबतीत हे काम मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या १९९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने मोठ्या निष्ठेने केलेले आहे.

भारतीय चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावे असत; संयोजक आणि वादक यांची नसत. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर तर लता मंगेशकर यांच्याऐवजी चित्रपटातील पात्राचे नाव छापले गेले होते. जेथे गायिकेची ही स्थिती, तेथे दुसऱ्या रांगेत बसलेल्या ट्रॉम्बोनवादकाची नोंद तबकडीवर शोधून सापडणार नाही. ती चरित्रे, मुलाखती आणि वादकांच्या कुटुंबीयांनी जपलेले कागद यांतूनच मिळवावी लागते.

माध्यमाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे, त्यामुळे नृत्यगृहात दहा मिनिटे चालणारी रचना तिच्यासाठी आटोपशीर करावी लागे. १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिकेत एकलवादन त्रोटक वाटले, तर तो वादकाच्या कल्पनाशक्तीचा तुटवडा नसून तबकडीचा परीघ आहे. तसेच, १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादक-संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि काही मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो १९४४ च्या अखेरपर्यंत चालला. त्या काळातील नियमित तबकड्यांच्या अभावावरून एखादा वाद्यवृंद मंदावला होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

पुनःप्रकाशित आवृत्त्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाने ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात केलेल्या वादनाची तबकडी प्रत्यक्ष मैफलीची म्हणून जगभर विकली गेली, परंतु तिच्यातील बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, त्यावर टाळ्यांचा आवाज चढवून तयार केलेला होता. त्या रात्री टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस यांनी १९३७ च्या एका जुन्या रचनेत सलग सत्तावीस कोरस वाजवून श्रोत्यांना उभे केले होते, पण ते ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर वाजवत असल्यामुळे तबकडी-कंपनीच्या मुद्रणात त्यांचा आवाज दूरचा येत होता. नभोवाणीचे मुद्रण सापडल्यावर १९९९ मध्ये दोन्ही जुळवून संपूर्ण मैफल प्रसिद्ध झाली. न्यूपोर्टविषयी मत देणाऱ्याने आपण १९५६ ची तबकडी ऐकली की १९९९ ची आवृत्ती, हे पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत त्यांच्यासाठी थोडी व्यावहारिक सूचना येथेच द्यावी लागेल. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मद्यार्कयुक्त द्रावणाने कधीही पुसू नयेत, कारण त्यात लाख विरघळते. लाँग प्ले तबकडीची बारीक सुई त्यांच्यासाठी वापरू नये, कारण त्यांची खाच रुंद असते. नागपूरकडच्या उन्हाळ्यात तबकड्या खिडकीजवळ, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा आडव्या ढिगात न ठेवता सावलीत, उभ्या आणि आधार देऊन ठेवाव्यात, अन्यथा त्या वाकतात.

तीन वेळा ऐकण्याची पद्धत

एकदा ऐकून दिलेले मत हे बहुधा ठेक्याविषयीचे मत असते, म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रिका किमान तीन वेळा आणि तीन वेगवेगळ्या हेतूंनी ऐकावी. या सरावासाठी काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाचे जुलै १९३७ मधील ‘वन ओक्लॉक जंप’ हे ध्वनिमुद्रण उत्तम आहे, कारण बारा खंडांचे आवर्तन त्यात अगदी स्वच्छ मोजता येते.

पहिल्या वेळी फक्त लयीचा विभाग ऐकावा. जॅझच्या लयीतील स्विंग हा गुण शब्दांत पकडणे कठीण असले, तरी त्याची दोन लक्षणे कानाला कळतात: चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येणारा हलका भर, आणि प्रत्येक मात्रेच्या दोन भागांपैकी पहिला भाग किंचित लांबवून दुसरा आखूड करण्याची रीत. बेसींच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन यांची गिटार, वॉल्टर पेज यांचा बास आणि जो जोन्स यांचे ड्रम इतके एकजीव आहेत की ठेका लादलेला वाटत नाही, आणि बेसी स्वतः पियानोवर अगदी मोजके स्वर टाकून त्यात मोकळी जागा राखतात.

दुसऱ्या वेळी एकलवादकांचा क्रम लिहून काढावा. येथे बेसींच्या पियानोनंतर हर्शेल इव्हान्स यांचा टेनर सॅक्सोफोन, जॉर्ज हंट यांचा ट्रॉम्बोन, लेस्टर यंग यांचा टेनर सॅक्सोफोन आणि बक क्लेटन यांचे ट्रम्पेट येते. एकाच वाद्यावरील इव्हान्स यांचा भरदार, कंपयुक्त नाद आणि यंग यांचा हलका, सरळ नाद यांतील फरक ओळखता आला की ‘सॅक्सोफोन छान होता’ या विधानापलीकडे रसिक पोहोचला असे समजावे. तिसऱ्या वेळी एकलवादकांच्या मागे वाजणारे विभाग ऐकावेत. शेवटच्या आवर्तनांत विभाग एकमेकांवर रिफ रचत जातात आणि तो कळस कागदावर न लिहिता सरावातून, वादकांच्या तोंडी ठरावातून घडलेला आहे. अशा संयोजनाला हेड अरेंजमेंट म्हणतात. रचनेवर नाव बेसी यांचे असले तरी तिच्या घडणीत बस्टर स्मिथसारख्या जुन्या सहकाऱ्यांचाही वाटा होता.

हीच पद्धत पुढे एलिंग्टन यांच्या मार्च १९४० मधील ‘को-को’ला लावावी. येथे संयोजन लिहिलेले आहे, पण ते ‘ट्रॉम्बोनसाठी’ असे नसून जो नॅन्टन यांच्या घुसमटत्या, बोलक्या ट्रॉम्बोनसाठी आणि जिमी ब्लँटन यांच्या बाससाठी, म्हणजे विशिष्ट माणसांसाठी लिहिलेले आहे. बेसींची लयप्रधान मोकळीक आणि एलिंग्टन यांची रंगप्रधान बांधणी यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न निरर्थक आहे. दोघांची उद्दिष्टेच भिन्न आहेत हे दाखवून देणे हे जाणकाराचे काम आहे.

चरित्रे आणि आत्मचरित्रे वाचताना

वादकांविषयीची पुस्तके तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकाकडून वेगळी अपेक्षा ठेवावी लागते. पहिला प्रकार आत्मचरित्राचा. त्यातून वादकाचा स्वभाव, त्याची भाषा आणि त्याला स्वतःला काय महत्त्वाचे वाटले हे कळते. तारखांसाठी मात्र त्यावर विसंबू नये. लुई आर्मस्ट्राँग आपला जन्म ४ जुलै १९०० चा असल्याचे आयुष्यभर सांगत आले, परंतु त्यांच्या निधनानंतर, १९८० च्या दशकात, चर्चच्या दप्तरात सापडलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ असल्याचे सिद्ध झाले. एलिंग्टन यांचे १९७३ मधील ‘म्युझिक इज माय मिस्ट्रेस’ सहकाऱ्यांविषयी अत्यंत उदार आहे, पण स्वतःच्या खासगी आयुष्याविषयी जवळजवळ मूक आहे. हे मौनही वाचावे लागते.

दुसरा प्रकार शब्दांकनाचा. काउंट बेसी यांचे ‘गुड मॉर्निंग ब्लूज’ हे लेखक अल्बर्ट मरे यांनी शब्दबद्ध केले आणि ते बेसी यांच्या निधनानंतर, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा पुस्तकात बोलणारा कोण आणि लिहिणारा कोण याचे भान ठेवावे. तिसरा प्रकार संशोधनपर चरित्राचा, ज्यात लेखक कागदपत्रे, मुलाखती आणि ध्वनिमुद्रणे यांची परस्परांशी पडताळणी करतो. डेव्हिड हज्दू यांचे ‘लश लाइफ’ (१९९६) हे बिली स्ट्रेहॉर्न यांचे चरित्र या प्रकारातील आदर्श म्हणता येईल. १९३९ पासून १९६७ मधील मृत्यूपर्यंत एलिंग्टन यांच्याबरोबर काम केलेले स्ट्रेहॉर्न हे ‘टेक द ए ट्रेन’चे कर्ते, आणि ती रचना पुढे एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ओळख बनली. हे चरित्र वाचल्यानंतर एलिंग्टन यांच्या नावाची प्रत्येक तबकडी रसिक ‘यातील स्ट्रेहॉर्न यांचे काय’ असा प्रश्न मनात धरून ऐकू लागतो. उत्तम चरित्राची हीच कसोटी आहे: ते वाचून झाल्यावर कान बदलले पाहिजेत.

चरित्र आणि ध्वनिमुद्रिका यांचा मेळ घालताना होणारी घाई कशी फसवते, याचे उदाहरण भारताशी जोडलेले आहे. १९६३ मध्ये एलिंग्टन यांचा वाद्यवृंद अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने भारतासह आशियातील अनेक देशांत आला होता. त्या दौऱ्याचे स्मरण म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये ‘फार ईस्ट स्वीट’ ही संगीतमाला ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातील दिल्लीवरील रचनेत जिमी हॅमिल्टन यांचे क्लॅरिनेट मैनेची शीळ घालते, आणि तेथे प्रवासाचा अनुभव संगीतात उतरला असे म्हणणे योग्यच आहे. परंतु याच मालेतील इराणमधील इस्फहान शहराचे नाव धारण करणारी अतिशय सुंदर रचना स्ट्रेहॉर्न यांनी दौऱ्यापूर्वीच निराळ्या नावाने लिहिलेली होती. शीर्षकावरून जीवनकथा आणि जीवनकथेवरून संगीत समजावून घेण्याचा मोह आवरण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरे आहे.

भारतीय संदर्भात नरेश फर्नांडिस यांचा वर उल्लेखिलेला ग्रंथ आणि ग्रेगरी बूथ यांचे मुंबईच्या चित्रपट-वादकांवरील ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) ही दोन पुस्तके पायाभूत आहेत. दुसऱ्या पुस्तकात वादकांच्या मुलाखतींच्या आधारे स्टुडिओतील प्रत्यक्ष कामाची पद्धत उलगडलेली आहे. मराठीत सी. रामचंद्र यांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मकथन उपलब्ध आहे. ते आणि बूथ यांचे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे: संगीतकाराच्या दृष्टीने सांगितलेली हकीकत आणि वादकांच्या रांगेतून दिसलेले चित्र यांत जेथे फरक पडतो, तेथे ध्वनिमुद्रिका लावून कानाने निवाडा करण्याचा प्रयत्न करावा.

मत मांडणे आणि मतभेद सांभाळणे

मत मांडताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: वस्तुस्थिती, अनुमान आणि अभिरुची. एखाद्या ध्वनिमुद्रणाची तारीख ही वस्तुस्थिती आहे. एका विशिष्ट गाण्यातील ट्रम्पेट चिक चॉकलेट यांचेच असावे हे, पुरावा नसेल तर, अनुमान आहे. आणि ते ट्रम्पेट मन हलवते ही अभिरुची आहे. तिन्हींना स्थान आहे, परंतु अनुमान वस्तुस्थितीच्या सुरात सांगितले की चूक पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते, आणि गोमंतकीय वादकांविषयीच्या अनेक आख्यायिका अशाच फिरत राहिल्या आहेत. विधानाला शक्यतो मिनिट-सेकंदाचा आधार द्यावा. ‘संयोजन गजबजलेले आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास सॅक्सोफोन विभाग गायकाच्या ओळीवर चढतो आणि शब्द झाकले जातात’ असे म्हटले, तर दुसऱ्याला तो भाग ऐकून सहमत किंवा असहमत होता येते.

उचलेगिरीचा आरोप हा अशा चर्चांमधील नेहमीचा वादविषय. ‘समाधी’मधील एका गाजलेल्या गाण्याचा उगम एका लॅटिन अमेरिकी ढंगाच्या गाण्यात आहे हे खरे आहे आणि ते स्पष्टपणे मान्य करावे. परंतु त्यानंतर खरा प्रश्न सुरू होतो: मूळ चालीचे काय राखले, काय बदलले, मधले वाद्यसंगीत कोणी रचले आणि ते कसे वाजले? वामनराव देशपांडे यांनी घराण्यांची तुलना करताना दोषारोपापेक्षा लक्षणांवर भर दिला, तोच संयम येथेही उपयोगी पडतो.

हिंगण्यातील श्रवणबैठक

पाच ते दहा जणांची श्रवणबैठक महिन्यातून एकदा, कोणाच्याही घरी, वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या वर्गात भरवता येते. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो येत असल्यामुळे नागपूर शहरातील रसिकांनाही तेथवर येणे सोयीचे झाले आहे. एका बैठकीत चारपेक्षा अधिक ध्वनिमुद्रणे घेऊ नयेत. पहिले वादन कोणतीही माहिती न देता ऐकवावे आणि प्रत्येकाने आपले मत दोन ओळींत लिहावे. मग सूत्रधाराने तारीख, वादक आणि संयोजक सांगावेत. नंतर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून मतात काय बदल झाला हे बोलावे. माहिती कळल्यानंतर मत बदलले, तर ते का बदलले याची चर्चा सर्वांत फलदायी ठरते, कारण कान आणि कीर्ती यांतील अंतर तेथेच उघड होते. बोलण्याचा क्रम नवख्यापासून जुन्या जाणकाराकडे ठेवावा, म्हणजे ज्येष्ठाच्या मताखाली इतरांचे मत दबत नाही.

पहिल्या सहा बैठकांसाठी क्रम असा ठेवता येईल: ‘अलबेला’ची गाणी, १९३६ चा ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’, बेसी १९३७, एलिंग्टन १९४०, न्यूपोर्ट १९५६ आणि ‘फार ईस्ट स्वीट’. प्रत्येक बैठकीसोबत एका चरित्राचे एक प्रकरण वाचून त्याचा गोषवारा एकाने मराठीत सांगावा, आणि बैठकीचा वृत्तांत वहीत लिहून ठेवावा. या कामाला आपल्याकडे पूर्वपरंपरा आहे. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले होते. त्याच झवेरींच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव मुंबईत सुरू झाला. मूठभर रसिकांनी ऐकून, लिहून आणि वाद घालून तयार केलेल्या जमिनीवरच तो महोत्सव उभा राहिला.

विदर्भातही या इतिहासाचे धागे घराघरांत पडून असण्याचा संभव आहे: जुन्या तबकड्या, रेल्वेच्या किंवा छावणीच्या क्लबातील नृत्यसंध्येची निमंत्रणे, बँडपथकांच्या स्वरलेखनाच्या वह्या, वृद्ध वादकांच्या आठवणी. ज्या वाचकांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे, तबकडीवरील प्रत्येक अक्षर आणि क्रमांक उतरवून घ्यावा आणि वादक हयात असतील तर त्यांचे कथन तारखेसह ध्वनिमुद्रित करून ठेवावे. आणि पुढच्या वेळी आवडते गाणे कोणाला ऐकवताना गायक व संगीतकार यांच्या बरोबरीने संयोजकाचे आणि वादकांचे नाव सांगावे. माहीत नसेल तर ते शोधून काढावे.